लाँगआर्म : गोधडी शिवणाऱ्या लांब हाताच्या यंत्राची ओळख

दिवाळी आटोपली की लष्करातल्या गल्ल्यांमधून पूर्वी पिंजाऱ्याच्या धुनकीचा आवाज ऐकू यायचा. घरोघरी रजया उसवल्या जायच्या, रुई पिंजून पुन्हा भरली जायची. पौष-माघात ग्वाल्हेरचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे ही तयारी हौसेची नव्हती, गरजेची होती. आपल्या मराठी घरांत मात्र रजईच्या जोडीला आणखी एक पांघरूण असे, ते म्हणजे गोधडी. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये येथे लष्कराची छावणी टाकली. त्यांच्यामागून दक्षिणेतून आलेली कुटुंबे इथेच रुजली. आपल्या दौलतगंजच्या नावातही त्यांची आठवण आहे. या घरांनी भाषा जपली, सणवार जपले आणि जुन्या लुगड्या-धोतरांतून ऊब काढण्याची रीतही बरीच वर्षे जपली.

आता गोधडी शिवणारे हात कमी झाले आहेत. मागच्या सहामाहीत शिवणाच्या तासाला मी मुलींना धावदोरा शिकवत होते. एका मुलीने विचारले, "बाई, एवढी मोठी गोधडी हातानेच का शिवायची? मशीनवर होत नाही का?" त्यानंतर पालकसभेत एका विश्वस्तांनीही जवळजवळ हेच विचारले. परदेशात गोधडी शिवण्याचे मोठे यंत्र मिळते असे त्यांच्या वाचनात आले होते. शाळेने ते घ्यावे का, असा त्यांचा प्रश्न होता.

योगायोगाने ते यंत्र मी स्वतः थोडेफार चालवले आहे. दोन वर्षांपूर्वी मी लेकीकडे अमेरिकेत, टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात, काही महिने राहिले होते. गोधडीच्या कामासाठी हे शहर प्रसिद्ध आहे. १९७५ पासून तेथे दरवर्षी शरद ऋतूत गोधड्यांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते. तेथील एका दुकानात हे यंत्र तासाच्या भाड्याने वापरायला मिळते, पण त्याआधी त्यांचा छोटा वर्ग करावाच लागतो. मी तो वर्ग केला आणि पुढे दोन महिने आठवड्यातून एकदा जात राहिले. त्या अनुभवाच्या आधारे दोन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचा हा प्रयत्न आहे.

घरच्या मशीनची अडचण

आपल्या पायमशीनवर कापड कसे पुढे सरकते ते मुलींना ठाऊक आहे. वरून दाबाचा पाय कापड धरतो, खालचे दाते ते मागे ओढतात आणि सुई जागच्या जागी वरखाली होते. म्हणजे सुई एका ठिकाणी स्थिर आणि कापड चालते. पोलके किंवा फ्रॉक शिवताना हे सोयीचे असते.

गोधडीचे तसे नाही. पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि तीन-चार पदरी असे ते धूड असते. घरच्या मशीनमध्ये सुई आणि उजवीकडचा उभा खांब यांमध्ये जेमतेम सहा-सात इंच जागा असते. गोधडीच्या मधोमध शिवायचे म्हटले, तर निम्मी गोधडी गुंडाळून त्या सहा इंचांत कोंबावी लागते. शिवाय दाते फक्त खालच्या कापडाला ओढतात. वरचे कापड मागे राहते, मधले भरण तिसरीकडेच सरकते आणि शेवटी कडेला चुण्यांचा ढीग पडतो. ज्यांनी हा प्रयत्न केला आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

हाताने शिवताना ही अडचण येत नाही, कारण आपण गोधडी हलवतच नाही. ती जमिनीवर पसरलेली असते, चारी बाजूंनी बायका बसलेल्या असतात आणि कडेकडून आत असा टाका चालत जातो. कापड जागेवर आणि सुई चालते. लाँगआर्म यंत्राने नेमकी हीच गोष्ट उचलली आहे.

लांब हात म्हणजे काय

लाँगआर्म म्हणजे लांब हात. मशीनचा जो आडवा भाग सुईच्या वर असतो, त्याला हात म्हणतात. या यंत्रात तो हात अठरा ते तीस इंच लांब असतो. हे सबंध मशीन चाकांवर बसवलेले असते आणि दहा-बारा फूट लांबीच्या लोखंडी चौकटीवर रुळांवरून धावते. एक जोडी रूळ डावी-उजवीकडे जाण्यासाठी असते, दुसरी पुढे-मागे जाण्यासाठी. दोन्ही हालचाली एकत्र केल्या की मशीन तिरके, गोल, वाटेल तसे फिरते. गोधडी मात्र चौकटीवर ताणलेली असते, ती जागची हलत नाही. या यंत्राला दाते नसतात, कारण कापड ओढायचेच नसते. दाबाच्या पायाऐवजी सुईबरोबर टुणटुण उडणारा छोटा गोल पाय असतो. सुई खाली जाते त्या क्षणी तो कापड धरतो आणि वर येताना सोडून देतो.

चालवणारा उभा राहतो आणि दोन मुठी धरून मशीन फिरवतो. पायमशीनवर शिवणे म्हणजे पेन्सिल स्थिर धरून तिच्याखाली कागद फिरवण्यासारखे आहे. येथे कागद स्थिर आणि पेन्सिल हातात, म्हणजे आपण एरवी लिहितो तसेच. फरक एवढाच की ही पेन्सिल काही किलो वजनाची असते आणि मिनिटाला हजाराहून अधिक टाके घालते.

चौकटीवर चढवणे

मला वाटले होते, जाऊन मुठी धरायच्या आणि शिवायचे. पहिल्या दिवशी दीड तास फक्त कापड चौकटीवर चढवण्यात गेला.

चौकटीला आडवे रोलर असतात. रोलरला जाड कापडाची पट्टी कायमची लावलेली असते आणि तिला अस्तराची कड टाचण्यांनी जोडतात. एका रोलरवर अस्तर गुंडाळलेले, समोरच्या रोलरवर शिवून झालेला भाग गुंडाळत जायचा आणि मधल्या उघड्या पट्ट्यावर काम करायचे, असा क्रम असतो. अस्तरावर भरण आणि त्यावर वरचे कापड पसरतात. तीन थर एकमेकांना आधी टाचत बसावे लागत नाहीत, चौकटच ते धरून ठेवते. फक्त वरची कड आणि दोन्ही बाजू कच्च्या टाक्याने धरायच्या.

यात दोन गोष्टी पक्क्या लागतात. पहिली, अस्तर अगदी काटकोनात कापलेले हवे. उभा-आडवा धागा सरळ नसेल, तर गुंडाळता गुंडाळता एक बाजू सैल आणि दुसरी घट्ट होते. दुसरी, अस्तर वरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी चार-चार इंच मोठे हवे. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा : वरचे कापड ६० बाय ९० इंच असेल तर अस्तर ६८ बाय ९८ इंच लागेल. ही चार इंच जागा वाया जाते असे मला सुरुवातीला वाटले होते. तिचा उपयोग पुढे कळला.

ताणही बेताचा हवा. ढोलकीसारखे ताणले तर शिवून उतरवल्यावर गोधडी आकसते आणि सुरकुततात. अस्तराखालून बोट वर ढकलावे आणि वरून दुसऱ्या हाताने त्या बोटाचे टोक चिमटीत धरता यावे, इतपत ताण पुरे.

टाक्याचा हिशेब

समजा यंत्र मिनिटाला १,८०० टाके घालते, म्हणजे सेकंदाला ३०. इंचाला दहा टाके हवे असतील तर हात सेकंदाला बरोबर तीन इंच सरकायला हवा. वळणावर हात मंदावला आणि सेकंदाला एकच इंच सरकला, तर त्या इंचात ३० टाके दाटीवाटीने पडतात. सरळ रेषेत जोर येऊन सहा इंच सरकला, तर इंचाला पाचच टाके पडतात आणि ते लांबडे, सैल दिसतात. पायमशीनवर हा प्रश्न येत नाही, कारण दर टाक्याला कापड किती ओढायचे ते दातेच ठरवतात.

यावर उपाय म्हणून हल्लीच्या यंत्रांना टाका-नियंत्रक असतो. चाकांजवळ बसवलेले संवेदक मशीन दोन्ही दिशांना किती सरकले ते मोजत राहतात आणि त्या प्रमाणात मोटरचा वेग कमी-जास्त करतात. हात थांबला की सुई थांबते, हात धावला की सुईही धावते. वर्गातल्या शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला आधी नियंत्रक बंद ठेवूनच शिवायला लावले. माझ्या पहिल्या कापडावर वळणावळणाला मुंग्यांच्या वारुळासारखे टाक्यांचे गोळे होते आणि मध्ये लांबच लांब टाके. तीस-पस्तीस वर्षे शिवण शिकवणारी मी, पण पहिल्याच दिवशी पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. नंतर नियंत्रक चालू केल्यावर टाके सारखे पडू लागले, पण आकार कुठे सुधारले? टाक्याची लांबी यंत्र सांभाळते, रेघ कुठे जायची ते हातालाच ठरवावे लागते.

माझी चूक

तिसऱ्या खेपेला मी जरा धीट झाले होते. नातीसाठी एक छोटी दुलई लावली आणि एका दमात दोन फूट शिवून काढली. वरून टाके सुरेख दिसत होते. गुंडाळलेला भाग उतरवून उलट बाजू पाहिली तर सगळीकडे दोऱ्याची वेटोळी लोंबत होती. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमधून केव्हाच निसटला होता आणि मी एकदाही खाली पाहिले नव्हते. ते टाके उसवायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

चौकटीवर काम करताना उलट बाजू दिसत नाही, हाच या यंत्राचा खरा धोका आहे. म्हणून नवी बॉबिन घातली, दोरा बदलला किंवा काम पुन्हा सुरू केले की कडेच्या त्या चार इंच जागेत आधी चार बोटे शिवून पाहायचे, मग वाकून, बॅटरी लावून खालची बाजू तपासायची. ते जादा चार इंच यासाठीही असतात!

दोऱ्याचा ताण ओळखण्याची रीत आपल्या पायमशीनसारखीच आहे. दोन्ही दोऱ्यांची गाठ भरणाच्या पोटात बसायला हवी. खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसले तर वरचा ताण जास्त आहे. खाली वेटोळी दिसली तर वरचा ताण कमी आहे. बॉबिनच्या डबीचा ताण पाहायचा तर दोऱ्याचे टोक धरून डबी लोंबती सोडावी. ती हळूहळू खाली सरकली तर ठीक, धाडकन पडली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. वळणांवर खालच्या बाजूला पापण्यांसारखे लहान लहान फासे दिसले, तर बहुतेक वेळा हाताची घाई हेच कारण असते. सुई कापडात असतानाच मशीन ओढले गेले तर ती वाकते आणि टाका नीट बसत नाही. दर बॉबिनला कापसाची वस ब्रशने झाडणे आणि यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे तेलाचा थेंब देणे हेही नेमाने करावे लागते.

हात कसा शिकतो

या यंत्रावर तीन तऱ्हांनी काम होते. समोर उभे राहून मनाने नक्षी काढत जायचे, ही पहिली. मागच्या बाजूला नक्षीचा लांब कागद ठेवून, त्यावर पडणारा लाल प्रकाशाचा ठिपका रेषेवरून फिरवायचा, ही दुसरी. संगणकात नक्षी भरून यंत्राला आपोआप चालू द्यायचे, ही तिसरी.

मला पहिलीच आवडली. तिचा सराव यंत्राशिवाय होतो, ही गोष्ट आपल्या शाळेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला घरी पाटीवर सराव करायला सांगितला होता. पेन्सिल न उचलता, रेघ एकमेकींवर न चढवता, पान भरून वळसे काढायचे. नंतर गोल, पाने, लाटा. मी लेकीच्या स्वयंपाकघरात बसून कागदांवर कागद भरवत असे. नात म्हणाली, "आजी, तू बाराखडी विसरलीस का?" पण चौथ्या आठवड्यात फरक दिसला. पुढे कुठे जायचे ते हाताला आधीच कळू लागले, डोळे सुईवरून निघून वाटेवर गेले. रांगोळीत ठिपक्यांची ओळ काढणाऱ्या, वेलीचे वळण न थांबता घेणाऱ्या मुलींना हे लवकर येईल असे मला वाटते.

सासूबाईंची गोधडी

ह्यूस्टनला जाताना मी सोबत एक बोचके नेले होते. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या आणि त्यांच्या आईच्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडीचे वरचे कापड तयार केले होते. पुढे त्यांची नजर गेली आणि ते तसेच ट्रंकेत राहिले. यंत्रावर ते पुरे करून नातीला द्यावे, असा माझा बेत होता.

मी ते दुकानात नेले. शिकवणाऱ्या बाईंनी ते खिडकीसमोर उभे धरले. तीन-चार ठिकाणी कापडातून लख्ख उजेड येत होता. त्यांनी दोन अंगठ्यांनी एक कोपरा हलकेच ताणला आणि धाग्यांची कुरकुर मलाही ऐकू आली. चौकटीचा ताण हे कापड सोसणार नाही, असे त्या म्हणाल्या. एखादी ओळ चुकली आणि उसवावी लागली, तर टाक्याबरोबर कापडही निघेल. हाताची सुई विरलेल्या जागी आली की बोटाला आधी कळते आणि ती बाजूने जाते. यंत्राला ते कळत नाही.

मला वाईट वाटले, पण पटले. आपल्या जुन्या बायकांनाही हे ठाऊक होतेच. धड कापड वर आणि खाली, सर्वांत झिजलेले पोटात, अशी त्यांची मांडणी असे. तशी गोधडी असेल, म्हणजे वर-खाली नवे सुती कापड आणि मध्ये जुनी लुगडी, तर ती यंत्रावर नीट होते. नातीची दुसरी दुलई मी तशीच केली. सासूबाईंचे बोचके मात्र जसे नेले तसे परत आणले.

गोधडीची ही परंपरा आपल्यापुरतीच नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही तिचीच भावंडे आहेत. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत मोठे पुस्तक लिहिले आहे. ह्यूस्टनच्या दुकानातील बायका सासूबाईंचे काम हातात घेऊन बराच वेळ पाहत होत्या. यंत्रावर रोज काम करणाऱ्या त्या बायकांना हाताच्या टाक्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते की काय, असे मनात आले.

शाळेने यंत्र घ्यावे का?

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येते. चौकटीसह मिळणाऱ्या साध्या यंत्राला काही हजार डॉलर पडतात. मोठ्या संगणकी यंत्राची किंमत आपल्या रुपयांत पंचवीस लाखांच्याही वर जाऊ शकते. बारा फुटांची चौकट आणि पुढे-मागे उभे राहण्याची जागा म्हटली, तर एक वर्गखोली त्यातच जाईल. सुया, बॉबिन, सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास मिळेल का, वीज स्थिर राहील का, हे आधी पाहावे लागेल. याशिवाय एक खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, तो म्हणजे शिकण्याचा वेळ. दोन महिने सराव करून मी फक्त बरे वळसे काढू शकले. शिक्षिकेला आधी सहा महिने मोकळे दिले नाहीत, तर यंत्रावर झाकण घालून ठेवण्याची पाळी येते.

म्हणून माझे मत असे की आज ते यंत्र घेऊ नये. बाजारातल्या स्वस्त रजया कारखान्यात अनेक सुयांच्या यंत्रावर एका झपाट्यात निघतात. त्यांच्याशी स्पर्धा करणे आपले काम नाही. आधी मुलींना कापड पारखता यावे, काटकोन धरता यावा, तीन थर सारखे अंथरता यावेत आणि न थांबता रेघ ओढता यावी. हे सारे जमिनीवर बसून, सुई-दोरा आणि पाटी एवढ्या सामानात शिकता येते आणि यंत्रावर यातले काहीही वाया जात नाही. पाच-सात मुलींचा हात असा तयार झाला आणि त्यांतल्या कोणाला यातून पोट भरायचे असेल, तर तेव्हा मीच विश्वस्तांकडे अर्ज घेऊन येईन. चौकटीशिवाय टेबलावर बसून चालवायचे लांब हाताचे यंत्रही मिळते. त्याला जागा कमी लागते, विचार त्याचा आधी करता येईल.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिला माझे उत्तर असे : होते बाळ, मशीनवर गोधडी होते, पण मशीनलाही तुझाच हात लागतो.

सासूबाईंची गोधडी या हिवाळ्यात आम्ही शिवणाच्या खोलीत जमिनीवर अंथरली आहे. कडेच्या तीन फेऱ्या झाल्या आहेत, मधला भाग बाकी आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी तेथे असते. विद्यार्थिनींनी यावे, मुलांनीही यावे आणि ज्या आज्यांना जुना टाका येतो त्यांनी तर अवश्य यावे. सुई आणि दोरा शाळेत आहे. चष्मा मात्र आपापला आणावा.